बिनदाराचं चर्च

चौकट बघताय ना? बिजागऱ्याही अजून आहेत, गंजलेल्या. फक्त दारं नाहीत. चोरांनी नेली का, म्हणून मागच्या खेपेला एका पाहुण्यांनी विचारलं. अहो, चोर येऊन नेणार काय? दोन सतरंज्या आणि एक फुटका हार्मोनियम? दारं आमच्याच माणसानं काढली, आणि ती इथंच पायरीपुढे पुरली आहेत. जरा बाजूनं या ताई, त्या फरशीवर पाय नको.

आमच्या पणज्यांच्या वेळची गोष्ट, असं सांगतात. पटकीची साथ आली होती. शेजारच्या वस्तीवर माणसं पटापट मरत होती, मेलेल्याला उचलायला कोणी उरलं नव्हतं. आमच्या वाडीत रिबका नावाची सुईण होती. ती म्हणाली, "मी त्यांना पाणी पाजायला जाते. दोघं तरी चला माझ्यासंगं." कोणी हललं नाही. पाळकसाहेब म्हणाले, "बाई, आम्ही तुझ्यासाठी प्रार्थना करू."

"करा की," ती म्हणाली, "पण घागर कोण धरणार?" आणि एकटीच निघाली. तिच्या नवऱ्यानं, आमोसनं, तिला वेशीपर्यंत पोचवलं आणि तो माघारी फिरला.

दुसऱ्या दिवशी सगळी मंडळी चर्चमध्ये जमली. वाडी वाचावी म्हणून उपास करायचा, गीतं गायची आणि सूर्य मावळेपर्यंत काही झालं तरी दार उघडायचं नाही, असं देवाला वचन दिलं. भ्याले होते हो सगळे, दुसरं काय! भीतीलाच भक्ती म्हणाले. लेकरांसाठी पाण्याचे माठ तेवढे आत भरून ठेवले, आणि अडसराजवळ आमोसला बसवलं.

भर दुपारी दारावर थाप पडली. आवाज रिबकाचा होता. "अवं, पाणी द्या. मला लागण झालीय, जवळ येऊ नका. नुसता तांब्या बाहेर ठेवा."

आमोस उठला, अडसराला हात घातला. बायका लेकरं पोटाशी धरून त्याच्याकडे बघायला लागल्या. पाळकसाहेब म्हणाले, "वचन मोडू नकोस. तिला देव बघेल." आमोसचा हात तिथंच थांबला. ती पुन्हा पुन्हा हाका मारत राहिली. मग कोणीतरी गीत धरलं, आणि तिची हाक कानावर येऊ नये म्हणून सगळ्यांनी आवाज चढवला. आमोसही गायला म्हणे.

सूर्य मावळला, गाणं थांबलं. बाहेर काही आवाज नव्हता. दार उघडलं तशी ती आत कलंडली. दाराला टेकूनच बसली होती बिचारी.

आमच्या वाडीत त्या साथीत दुसरं कोणीही गेलं नाही. देवानं आपलं ऐकलं, असं काही जण म्हणाले. आमोसनं ते ऐकलं. मग त्यानं दोन्ही दारं उतरवली, फळ्या मोकळ्या केल्या, त्यांची शवपेटी केली आणि तिला इथं पुरलं. "आता लावा दार," एवढंच तो बोलला. पुढे मरेपर्यंत दर रविवारी तो पाण्याचा तांब्या घेऊन या पायरीवर बसायचा. आत मात्र पुन्हा कधी आला नाही.

आजही पहिलं गीत सुरू होण्याआधी एक जण तांब्या भरून बाहेर येतो. आत सगळे गप्प बसतात. तो रस्त्यावर दोन्हीकडे बघतो, कान देतो. कोणी तहानलेला दिसला तर आधी त्याला पाजायचं, मग तो कोणत्याही जातीधर्माचा असो. बहुतेक रविवारी कोणीच नसतं. मग ते पाणी या फरशीवर ओततात. पाहुणे म्हणतात, किती चांगली प्रथा आहे, आणि फोटो काढतात. कसली चांगली, बाबांनो? घोटभर मागत होती तेव्हा दिलं नाही. आता वर्षानुवर्षं तांबेच्या तांबे ओततोय, पण पिणारी कुठे आहे?