दोर धरायला निघालेली पोर

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. इतकी जुनी, की तो डोंगर कुठल्या राजाच्या राज्यात होता हेसुद्धा आता कुणाला धड सांगता येत नाही. पण त्याच्या पायथ्याशी मध काढणाऱ्यांचं एक गाव होतं, एवढं नक्की.

गावामागे उंच कडा होता. कड्याच्या पोटात आग्या मोहोळाची पोळी लटकत. पोळं काढायला माणूस दोरानं वरून खाली उतरे आणि वर दोर धरायला उभा राही तो त्याच्या बायकोचा भाऊ. दुसरा कुणी चालत नसे. बहिणीचं कुंकू जपायचं म्हटल्यावर हात सैल पडेलच कसा, असा त्या लोकांचा हिशेब.

त्या गावात एक पोर होती. एवढी बडबडी, की तिची बडबड ऐकून शेजारणी दार लावून घेत. एकदा ती बापाची भाकरी घेऊन कड्यावर गेली आणि तिच्या डोळ्यांदेखत मामाच्या हातून दोर निसटला. मामानं लगेच सावरला. बाप धापा टाकत का होईना, वर आला. पण पोरीनं जे पाहायचं ते पाहिलं होतं.

घरात मोठ्यांनी ठरवलं, याचा बोभाटा करायचा नाही. मामाचं नाव गेलं असतं. गावानं त्याला पुन्हा दोराला हात लावू दिला नसता.

"कुणाशी बोलायचं नाही हं," आई पोरीला म्हणाली. "तू काही पाहिलंच नाहीस."

पोर गप्प झाली, ती गप्पच. तिचं जेवण तुटलं, झोप उडाली. बाप कड्यावर निघाला की ती त्याच्या धोतराचा सोगा धरून ठेवी.

आईनं तिला वैद्यबाईंकडे नेलं. वैद्यबाई मोठ्या नावाजलेल्या. त्या कधी काही विचारत नसत, नुसती नाडी बघत. विचारावं लागतं त्या वैद्याला नाडी कळत नाही, असं गाव मानत असे, आणि खरं सांगायचं तर वैद्यबाईंनाही ते ऐकायला गोड वाटे. त्यांनी पोरीचा हात धरला, "झोप नाही हिला," म्हणाल्या, आणि निजताना घ्यायला काढा दिला. आईला वाटलं, एका वेळेनं गुण येतो तर दोन वेळा द्यावा. ती सकाळीही काढा पाजून पोरीला शाळेत धाडू लागली. हे तिनं वैद्यबाईंना सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही.

शाळेतले गुरुजी वाईट नव्हते, उगाच गैरसमज नको. पण शाळेचा उंबरठा आईबापांनी ओलांडायचा नाही, अशी तिथली शिस्त होती आणि गुरुजीही कुणाच्या घरी जात नसत. त्यांना दिसे ते एवढंच, की पोर खिडकीतून कड्याकडे बघत बसते, नाहीतर पेंगते. तिचं लक्ष लागावं म्हणून त्यांनी तिला भिंतीकडे तोंड करून बसवलं. आता तिला कडाही दिसेना.

तिघांचीही तिच्यावर माया होती बरं का! तिघंही मनापासून झटत होते आणि पोर मात्र दिवसेंदिवस सुकत होती. हे सांगताना मला अजून राग येतो, पण तो काढावा कुणावर तेच कळत नाही.

मग मोठं पोळं काढायचा दिवस आला. गुरुजी पाठमोरे झाले तशी पोर शाळेतून निसटली आणि कडा चढून गेली. मामा झाडाच्या बुंध्याला वेढा घालून दोर हळूहळू सोडत होता. बाप खाली लोंबकळत होता. मामाच्या पाठीमागे, करवंदीच्या जाळीआड, दोराचं उरलेलं वेटोळं पडलं होतं. पोरीनं त्याचं टोक आपल्या कमरेला घट्ट बांधलं. मामाचा हात सुटला तर आपण धरायचं, असं तिनं ठरवलं होतं. पण सकाळचा काढा अंगात भिनला होता. ती तिथेच बसली आणि झोपी गेली. मामा दोर सोडत राहिला, आणि वेटोळं लहान होत गेलं.

इकडे पोर दिसेना म्हणून गुरुजींनी शाळेभोवती शोधलं. शिस्तबिस्त विसरून ते पळत तिच्या घरी गेले. घरी नाही म्हटल्यावर आई आणि ते वैद्यबाईंकडे धावले. तिथेही नाही!

"तिचं सगळं लक्ष कड्याकडे असतं," गुरुजी म्हणाले, आणि आई कड्याच्या वाटेनं धावत सुटली. मागोमाग गुरुजी आणि वैद्यबाईही.

तिघं वर पोचले तेव्हा वेटोळ्याचे थोडेच वेढे उरले होते. तेही संपले असते, तर पोर दोराबरोबर कड्याकडे ओढली गेली असती.

"दोर थांबवा!" गुरुजी ओरडले. मामानं जागच्या जागी पाय रोवले. आईनं पोरीच्या कमरेची गाठ सोडवली. पोर दचकून उठली आणि किती दिवसांनी बोलली, "सोडू नका! बाबा खाली आहेत!"

बापाला वर घेतल्यावर मामानं दोर खाली ठेवला. "माझ्या हातून दोर सुटला होता," तो सगळ्यांसमोर म्हणाला. "माझी लाज राखायला पोरीचं तोंड बंद केलं आम्ही."

"मला एका शब्दानं सांगायचंत की!" वैद्यबाई म्हणाल्या.

"तुम्ही कधी विचारलंत?" आई म्हणाली. मग तीच पुढे म्हणाली, "आणि सकाळीही काढा पाजते, ते मी तरी कुठं सांगितलं?"

"आणि मी तिला भिंतीकडे बसवली," गुरुजी पुटपुटले.

वैद्यबाईंनी त्या दिवशी नाडी पाहिली नाही. त्या पोरीजवळ बसल्या आणि विचारलं, "तुला काय झालं तर बरं वाटेल, बाळा?"

"बाबा वर आले की मला कळायला हवं," पोर म्हणाली.

मग तिथेच बसून सगळ्यांनी मिळून ठरवलं. बाप वर आला की कड्यावरच्या झाडाला पांढरं फडकं बांधेल. गुरुजी पोरीला खिडकीशी बसवतील. काढा बेताबेतानं बंद होईल. दर बाजाराच्या दिवशी आई, गुरुजी आणि वैद्यबाई शाळेच्या ओसरीवर बसून आपापलं पाहिलेलं एकमेकांना सांगतील. मामानं तिला गाठी मारायला शिकवायचं कबूल केलं. गावानंही मामाचा दोर काढून घेतला नाही. खरं बोलणारा माणूस त्यांना अधिक भरवशाचा वाटला.

पोर एका दिवसात बरी झाली असं सांगितलं, तर तुम्ही मला थापाड्या म्हणाल. मधूनमधून ती पुन्हा गप्प व्हायची, रात्री दचकून उठायची. पण आता घरी घडलेलं शाळेत कळे, शाळेतलं वैद्यबाईंना कळे, आणि पोरीला कुणापासून काही लपवावं लागत नसे.

पुढे एके दिवशी कड्यावर फडकं लागलं. गुरुजींनी सवयीनं पोरीकडे पाहिलं. ती मैत्रिणीशी सागरगोट्यांवरून कडाकडा भांडत होती. बाप कड्यावर गेलाय, हेच तिच्या ध्यानात नव्हतं!

गुरुजींचे डोळे भरून आले. शाळा तशीच सोडून ते तिच्या घरी गेले आणि दारातूनच म्हणाले, "आज तिनं खिडकीकडे पाहिलंच नाही."

आईनं वाकून त्यांना नमस्कार केला. "तुमचे उपकार कसे फेडू, गुरुजी?"

"उपकार कसले? तुम्ही मला घरात घेतलंत," गुरुजी म्हणाले. "चला, आधी वैद्यबाईंना सांगू."

दोघं लगबगीनं निघाले. वैद्यबाईंना ते सांगता सांगता तिघांनाही रडू फुटलं. मला तर वाटतं, त्या दिवशी त्या गावात सगळ्यांत गोड काही असेल, तर ते हे तिघांनी मिळून रडणं. तेव्हापासून त्या गावात शाळेचा उंबरठा आईबापांना मोकळा झाला आणि नाडी धरण्याआधी विचारपूस करणं हीच वैद्याची रीत ठरली.

तात्पर्य: लेकराच्या मनाचा भार हलका करायचा, तर घर, शाळा आणि वैद्य यांनी आधी एकमेकांशी मोकळेपणानं बोललं पाहिजे.