शबनमचे आभार

केतकीच्या प्रबंधातलं एक वाक्य सुरू झालं की पान संपलं तरी संपत नसे. वसतिगृहातल्या शबनमने रात्र जागून त्यात विरामचिन्हं घातली, तेव्हा कुठे त्याचा अर्थ लागला. केतकीने ऋणनिर्देशात आवर्जून तिचं नाव लिहिलं.

मार्गदर्शक धारवाडकर सर तडकले. "इथे विद्वानांची नावं येतात. स्वल्पविराम देणारीचे कसले आभार? खोड ते."

"खोडते सर. फक्त माझं मूळ वाक्य एकदा मोठ्याने वाचून दाखवा."

सरांनी ऐटीत सुरुवात केली. निम्म्यावरच त्यांना धाप लागली आणि त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला.

"शबनमने पहिला स्वल्पविराम इथेच दिलाय, सर," केतकी नम्रपणे म्हणाली.

सरांनी सावकाश घोट गिळला. "राहू दे नाव," ते म्हणाले. "आणि माझ्या नावाच्या वर घे."