चुंचूच्या ट्रकचं डावं वळण

एक होती चिचुंद्री. तिचं नाव चुंचू.
नाक लांब. शेपूट लांब. बाकी सगळं छोटं.

चुंचूकडे होता एक ट्रक. लाल लाल. रिमोटवर चालणारा.
आधी ट्रक बाबा चालवायचे. पिल्लांचे बाबा.
आता बाबा नाहीत. म्हणून ट्रक चुंचू चालवते.
चालवते म्हणजे काय? बसते. आणि धडकते.

एकदा चुंचूला मिळाला लाडू.
बेसनाचा. गोल गोल. चुंचूहून मोठा!
चुंचूने लाडू ढकलला. ढकल ढकल ढकलला. ट्रकच्या हौद्यात चढवला.
लाडू डुगडुगला. चुंचूने तो करकचून बांधला.

ओटीच्या टोकाला एक स्टूल. स्टुलावर बेडूककाका. काकांच्या पुढ्यात रिमोट.
"काका, चला!" चुंचू म्हणाली.
काकांनी खटका ओढला.
घुर्र घुर्र घुर्र! निघाला ट्रक.

ओटी लांबच लांब. घुर्र घुर्र घुर्र!
आली कोरफडीची कुंडी. कुंडीपाशी डावीकडे वळायचं. की आलंच घर.
घरात चार पिल्लं. चारही उपाशी.

"काका, डावीकडे!" चुंचू ओरडली.
ट्रक वळला का? नाही वळला.
सरळच गेला. घुर्र घुर्र घुर्र... धडाम!
भिंतीवर आपटला. चुंचूचं नाकही आपटलं. टुक!

"अगं बाई! माझं डावं वळण हरवलं!"

चुंचूने सीटखाली पाहिलं. वळण नाही.
हौद्यात पाहिलं. वळण नाही.
शेपटीखाली पाहिलं. तिथेही नाही.
मग तिने स्वतःच्याच नाकावर टिचकी मारली.
"नाक लांब, अक्कल आखूड! वळण असतं चाकाकडे!"

चुंचू निघाली. तुरु तुरु तुरु.
गेली चाकाकडे.

"चाकदादा, चाकदादा, डावीकडे वळ ना!
लाडू घरी जाईना,
पिल्लं उपाशी!"

चाक म्हणालं, "मी आहे गोल. मला कुठलं मत? जिकडे ओढतील तिकडे जातो. दांडीने ओढल्याशिवाय मी वळणार नाही!"

चुंचू निघाली. तुरु तुरु तुरु.
गेली दांडीकडे. दांडी चाकाला चिकटलेली. सडपातळ, सरळ.

"दांडीताई, दांडीताई, चाकाला ओढ ना!
चाक वळेना,
लाडू घरी जाईना,
पिल्लं उपाशी!"

दांडी म्हणाली, "मी आपली काडी. मला कसली ताकद? सर्वो फिरल्याशिवाय मी ओढणार नाही!"

सर्वो म्हणजे काय? ट्रकच्या पोटातली एक डबी. डबीला एक छोटा हात. हात फिरला की दांडी हलते.

चुंचू निघाली. तुरु तुरु तुरु.
गेली सर्वोकडे.

"सर्वोभाऊ, सर्वोभाऊ, जरा फिर ना!
दांडी ओढेना,
चाक वळेना,
लाडू घरी जाईना,
पिल्लं उपाशी!"

सर्वो म्हणाला, "किर्र! आवाज माझा मोठा. पण डोकं? डोकं नाही! कुणी सांगितलं तरच फिरतो. रिसीव्हर बोलल्याशिवाय मी फिरणार नाही! किर्र!"

रिसीव्हर म्हणजे काय? रिसीव्हर म्हणजे ट्रकचा कान. तो ऐकतो. मग सर्वोला सांगतो.

चुंचू निघाली. तुरु तुरु तुरु.
गेली रिसीव्हरकडे.

"रिसीव्हरराव, रिसीव्हरराव, सर्वोशी बोला ना!
सर्वो फिरेना,
दांडी ओढेना,
चाक वळेना,
लाडू घरी जाईना,
पिल्लं उपाशी!"

रिसीव्हर म्हणाला, "काय? कोण? जोरात बोल!"
चुंचूने सगळं पुन्हा सांगितलं. जोरात!
"असं होय!" रिसीव्हर म्हणाला. "मी कान असून बहिरा झालो गं! काही ऐकूच येत नाही. काकांनी सांगितल्याशिवाय मी बोलणार नाही!"

काका कुठे? पार तिकडे. स्टुलावर!
चुंचू निघाली. तुरु तुरु तुरु. ओटीभर पळाली.
तुरु तुरु तुरु. धाप लागली. हुश्श!

"बेडूककाका, बेडूककाका, डावीकडे सांगा ना!
रिसीव्हर बोलेना,
सर्वो फिरेना,
दांडी ओढेना,
चाक वळेना,
लाडू घरी जाईना,
पिल्लं उपाशी!"

काकांनी गळा फुगवला. डराव!
"कधीचा सांगतोय! सांगून सांगून माझा फुगा झाला! तू जवळ होतीस. ट्रकला ऐकू गेलं. तू लांब गेलीस. ट्रकला ऐकू जाईना. ती तार कुठे आहे? रिसीव्हरची तार? ती उभी लागते, बाई! तार उभी राहिल्याशिवाय मी सांगणार नाही. डराव!"

"तार? कुठली तार?" चुंचू म्हणाली.
"मला काय विचारतेस? ट्रक तुझा!"

चुंचू निघाली. तुरु तुरु तुरु. पुन्हा ओटीभर पळाली.
ट्रकवर चढली. तार शोधू लागली.
वर पाहिलं. तार नाही. खाली पाहिलं. तार नाही.
हौद्यात पाहिलं. तार होती!
लाडूभोवती होती. करकचून!

"तारमावशी, तारमावशी, उभी राहा ना!
काका सांगेनात,
रिसीव्हर बोलेना,
सर्वो फिरेना,
दांडी ओढेना,
चाक वळेना,
लाडू घरी जाईना,
पिल्लं उपाशी!"

तार म्हणाली, "उभी राहू? कशी राहू? माझा झालाय पट्टा! लाडूच्या पोटावर बसलेय मी. गाठ सुटल्याशिवाय मी उभी राहणार नाही!"

गाठ तिथेच होती. लाडूच्या माथ्यावर. फुगून बसलेली.

"गाठीबाई, गाठीबाई, जरा सुट ना!
तार उभी राहीना,
काका सांगेनात,
रिसीव्हर बोलेना,
सर्वो फिरेना,
दांडी ओढेना,
चाक वळेना,
लाडू घरी जाईना,
पिल्लं उपाशी!"

गाठ म्हणाली, "मला एवढंच येतं. घट्ट बसायचं. जिने मला मारलं, तिने सोडल्याशिवाय मी सुटणार नाही!"

"कुणी मारली ही गाठ?" चुंचू रागावली. "कोण ते शहाणं? तारेनं कुणी लाडू बांधतं का? कोण? कोण?"

गाठीने चुंचूकडे पाहिलं. नुसती बघत राहिली.
तारही बघत राहिली.
चाक, दांडी, सर्वो, सगळे बघत राहिले.

"अगं बाई," चुंचू म्हणाली. "मीच!"
तिने नाकावर टिचकी मारली. टुक! टुक!
"नाक लांब, अक्कल आखूड!"

आता जायचं चुंचूकडे. चुंचू कुठे राहते? इथेच!
चुंचू स्वतःभोवती फिरली. तुरु तुरु तुरु.
स्वतःच्या शेपटीपाशी आली. आणि म्हणाली,

"चुंचूबाई, चुंचूबाई, गाठ सोड ना!
गाठ सुटेना,
तार उभी राहीना,
काका सांगेनात,
रिसीव्हर बोलेना,
सर्वो फिरेना,
दांडी ओढेना,
चाक वळेना,
लाडू घरी जाईना,
पिल्लं उपाशी!"

चुंचूबाईंनी काय उत्तर दिलं?
चुंचूबाई म्हणाल्या, "गाठ सोडली तर लाडू पडेल! गडगड जाईल! कुणी लाडू धरल्याशिवाय मी सोडणार नाही!"

झालं! चुंचूही अडून बसली!

लाडू कोण धरणार? चाकाला हात नाही. दांडीला बोटं नाहीत. काका लांब.
चुंचूने घराकडे तोंड केलं. लांब नाक वर केलं.
"चूं चूं! चूं चूं!"

घरातून आली पिल्लं. एकामागे एक.
पहिलं पिल्लू पुढे. दुसऱ्याच्या तोंडात पहिल्याचं शेपूट. तिसऱ्याच्या तोंडात दुसऱ्याचं शेपूट. चौथ्याच्या तोंडात तिसऱ्याचं.
चिचुंद्रीची पिल्लं अशीच चालतात. वाट चुकत नाहीत.

"आई, काय झालं?" पहिलं पिल्लू म्हणालं.
बाकीची बोलली नाहीत. तोंडात शेपूट होतं ना!

"लाडू बांधला. चुकीचा बांधला," चुंचू म्हणाली.
"पण आई, लाडू बांधायचा नसतोच. बाबा कधी बांधायचे नाहीत. आम्ही धरून बसायचो. सगळे."

"मला ठाऊक नव्हतं," चुंचू म्हणाली.
"तू विचारलंच नाहीस."
"नाही विचारलं," चुंचू म्हणाली. "मग धराल का आता?"

पिल्लं उपाशी होती. लाडू समोर होता. खमंग वास येत होता.
पिल्लं म्हणाली का, "आधी घास दे, मग धरू"?
नाही म्हणाली.
पिल्लं म्हणाली का, "आधी कुणी अमुक करा, मग धरू"?
नाही म्हणाली.
पहिलं पिल्लू म्हणालं, "बरं."

फक्त धाकट्याने शेपूट सोडलं. "आई, इथेच खाऊ या?"
"नको रे. इथे मांजर येतं."
"बरं." धाकट्याने पुन्हा शेपूट धरलं.

चार पिल्लं हौद्यात चढली. लाडूभोवती बसली. पहिल्याने धाकट्याचं शेपूट धरलं.
झालं गोल कडं! लाडू मध्ये. हलेना की डुलेना.

पिल्लांनी लाडू धरला,
मग चुंचूने गाठ सोडली. सुर्रर्र!
गाठ सुटली,
मग तार उभी राहिली. टिंग!
तार उभी राहिली,
मग काकांनी सांगितलं. डराव!
काकांनी सांगितलं,
मग रिसीव्हर बोलला. "आलं! आलं! ऐकू आलं!"
रिसीव्हर बोलला,
मग सर्वो फिरला. किर्र!
सर्वो फिरला,
मग दांडीने ओढलं. खट्!
दांडीने ओढलं,
मग चाक वळलं...

उजवीकडे!

"काका!" चुंचू ओरडली. "अहो डावीकडे! डावीकडे!"
"तेच केलं की!" काका तिकडून ओरडले. "डावा म्हणजे कुठला? ज्याने मी माशी पकडतो तो?"
"काका, माशी तुम्ही जिभेने पकडता!"
"अरेच्चा! खरंच की! थांब हं. हा नाही, तर तो! डराव!"

सर्वो फिरला. किर्र!
दांडीने ओढलं. खट्!
चाक वळलं. डावीकडे!

ट्रक जरा मागे आला. घुर्र.
मग पुढे निघाला. घुर्र घुर्र घुर्र!
कुंडीपाशी वळला. डावीकडे!
पिल्लं लाडू धरून बसली. घट्ट घट्ट.
घुर्र घुर्र घुर्र... आणि आलं घर!

दारापाशी ट्रक थांबला का? हो. पण जरा उशिरा.
ठक्! चौकटीला थडकला.
"आलो!" चुंचू म्हणाली.

लाडू घरात गेला. मग फुटला.
हा घास थोरल्याला. हा मधल्यांना. हा धाकट्याला.
आणि सगळ्यांत मोठा घास? तो पिल्लांनी आईला दिला. तिचं नाक आपटलं होतं ना!

खाताखाता चुंचूने विचारलं, "काय रे, मला बाबांसारखा ट्रक चालवता येतो का?"

पिल्लांनी विचार केला. आता तोंडात शेपूट नव्हतं. लाडू होता.

"नाही," थोरलं म्हणालं. "बाबा धडकायचे नाहीत."
"तू खूप धडकतेस," मधली म्हणाली.
"भिंतीवर. आणि दारावर," धाकटं म्हणालं.

"हो," चुंचू म्हणाली. तिने लांब नाक पुसलं. "पण पोचते."

ट्रक पोचला. लाडू पोचला.
गोष्टही पोचली.