सहा मण्यांची शेपटी

“मग उरलेले दहा नव्हते, तेव्हा काम कुणी चालवलं?”

लतीफशा फकिराने मान वर न करता विचारलं. मांडीवर फाटकी कफनी, हातात सुई.

डॉक्टर खासनीस खुलले. औषध देणारे नव्हेत हे, शोध लावणारे डॉक्टर. लहानपणी आईचं बोट धरून या डोंगरावर लतीफशाबाबांकडे यायचे. शेतातलं पहिलं कणीस असो की पोराचं पहिलं पुस्तक, आधी बाबांचा हात लागायचा, मग बाकीचं. आज त्यांनी आपला छापलेला निबंध आणून बाबांच्या गुडघ्यापाशी ठेवला होता. परवा तो दिल्लीत वाचायचा होता, भरल्या सभेत.

“तेच तर मी शोधलं, बाबा! आपलं अंग प्रथिनांचं. प्रथिन म्हणजे माळ समजा, अमिनो आम्लं म्हणजे तिचे मणी. आज मणी वीस जातींचे. पण पृथ्वीवर जीव नुकता धरत होता, तेव्हा असतील दहाच. विजेने, उन्हाने आपोआप झालेले. बाकीचे मागाहून जिवांनीच घडवले.”

“आणि नुसती माळ झाली की भागलं?”

“छे! माळ आपली आपण दुमडून नीट गाठोडं व्हायला हवी, तरच कामाची. दहांत ते व्हायचं नाही, असं मोठमोठे लोक म्हणत होते. मी करून दाखवलं. निव्वळ दहांत!”

‘मी’ जरा मोठ्यानेच निघालं. झाडाखालची शेळीसुद्धा वळून बघायला लागली.

“वा! ओवली कुणी माळ?”

“जंतूंनी. आपण सांगू ती माळ ते पोटात ओवून देतात.”

“पोटात त्यांच्या स्वतःच्याही माळा असतील की. हजारो. त्या गर्दीत तुझी कुठली, हे कळलं कसं तुला?”

“सोपं आहे. टोकाला शेपटी जोडायची. हिस्टिडिनचे सहा मणी. ते धातूला चिकटतात. आपली माळ अडकते, बाकी सगळं धुऊन जातं.”

सुई थांबली.

“हे हिस्टिडिन… तुझ्या दहांतलंच ना?”

डॉक्टरांनी निबंधाचा दुमडलेला कोपरा सरळ केला.

“नाही. मागून आलेलं.”

“मग कापून टाकली असशील शेपटी.”

“सुगंधाने कापली होती,” डॉक्टर जमिनीकडे बघत म्हणाले. “माझी विद्यार्थिनी. सुगंधा वळवी.”

“मग?”

“माळ उलगडून गेली. गाठोडं राहीना.”

“तू काय म्हणालास तिला?”

डॉक्टरांची कानशिलं तापली. शब्द न् शब्द आठवत होता. समोर आठ-दहा पोरंपोरी उभी होती तेव्हा, तेही आठवत होतं.

“म्हणालो… तुझ्या हाताला वळण नाही. घरी जा, भाकऱ्या थाप.”

बाबांनी कफनीला पुन्हा एक टाका घातला. रागावले असते तर बरं झालं असतं, असं डॉक्टरांना वाटलं.

“आणि ती?”

“रडली नाही. म्हणाली, सर, पाण्यात मीठ वाढवून बघू या का? तेव्हाचं पाणी खारट असेल ना… खाऱ्या पाण्यात गाठोडं टिकेल कदाचित.”

“बघितलंस?”

“…नाही. शेपटीसकटच छापून टाकलं. शेपटीचं कुठे लिहिलं नाही.”

“आणि तिचं?”

“तिचंही नाही. नाव काढून टाकलं तिचं.”

बाबांनी निबंधाकडे पाहिलं. हात पुढे केला नाही. सुईच्या टोकाने तो हळूहळू सरकवत डॉक्टरांच्या पायापर्यंत नेला.

डॉक्टरांना तो उचलवेना.

“बाबा, परवा सभा आहे. पत्रिका वाटून झाल्यात. आता… आता मी काय तोंड दाखवू?”

“कुणाला?”

डॉक्टरांचे डोळे भरून आले, ते पुसायचीही लाज वाटली.

त्यांनी खिशातून फोन काढला, सुगंधाचा नंबर शोधला. रेंज नव्हती. हात उंच करून बघितला.

बाबांनी दोरा दाताने तोडला.

“त्या खडकावर लागतो. चपला काढून चढ, निसरडं आहे.”