धुरपाचे सात बाजार

खडकओढ्यात पिठाची गिरणी यायच्या कितीतरी आधी, घराघरातली पहाट जात्याच्या घरघरीने उजाडायची आणि मंगळवारच्या बाजाराला चौदा गावची माणसं गाड्या जुंपून यायची, त्या काळची ही गोष्ट. ऐकणाऱ्याने ती खरी मानावी की नाही, हे त्याचं त्याने ठरवावं. खडकओढ्याची माणसं मात्र तिच्यातला एक शब्दही सोडायला तयार नाहीत.

त्या गावात हैबती नावाचा पाथरवट होता. देवळाच्या पायऱ्या घडवाव्यात, विहिरी बांधाव्यात, हे त्याचं काम. एका वर्षी खाणीत कडा सुटला आणि त्याचा उजवा हात कोपरापासून निकामी झाला. त्याच्या बायकोचं नाव धुरपा. हैबतीची जखम भरून आली त्या दिवशी तिने त्याच्या पिशवीतून छिन्नी आणि हातोडा काढला आणि अंगणातल्या काळ्या दगडासमोर बसली. तोवर बाईने दगडाला टाकी लावलेली त्या गावात कुणी पाहिली नव्हती. हैबती शेजारी बसून सांगायचा, दगड कुठून वाजतो, कुठून फुटतो. शेजारपाजारच्यांनी हसून विचारलं की तो हसून म्हणायचा, "हात माझा गेला, तोंड राहिलंय. तिला हात आहेत. दोघांचा मिळून एक पाथरवट होतोय."

धुरपाने पायऱ्या घडवल्या नाहीत. तिने जाती घडवायची ठरवली. कारण विचारलं तर म्हणायची, "दळते मी. खांदा माझा भरून येतो. जातं कसं असावं हे मला नाही कळणार तर कुणाला?"

त्या वेळी बाजारात जाती विकायची ती फक्त आबाजी शेट्यांच्या माणसांनी. शेटे म्हणजे बाजाराचा प्रमुख. कुणी कुठे बसायचं, कुणी बसायचंच नाही, हे शेटे ठरवायचे. त्यांची जाती भुसभुशीत दगडाची असायची. दगड लवकर घडायचा, म्हणून जाती पुष्कळ व्हायची, पण ती जन्मभर झिजत राहायची आणि पिठात कच पडत राहायची. चौदा गावांतल्या बायकांचे दात चाळिशीत झिजून जायचे. सगळ्यांना वाटायचं, भाकरी अशीच असते. शेट्यांच्या स्वतःच्या घरात मात्र पणजोबांच्या वेळचं काळ्या पाषाणाचं जातं होतं, त्यामुळे त्यांच्या दाताखाली कच कधी आलीच नव्हती.

बाजाराचा एक जुना नियम होता. नवा माल आला की शेटे पहिल्याच दिवशी त्याची परीक्षा घ्यायचे. दोष निघाला तर बारा वर्षं त्या माणसाला जागा मिळायची नाही. शेट्यांचा स्वतःचा माल जुना, म्हणून त्याला परीक्षा नव्हती.

आणि गावाचा एक रिवाज होता. नवं जातं घरी आलं की घरच्या बाईने त्याला हळदकुंकू वाहायचं, त्यावर आधी चार पायल्या कोंडा भरडायचा आणि तो फेकून द्यायचा. नव्या दगडाची कच त्या कोंड्याबरोबर निघून जायची. हे काम घेणाऱ्या घरानेच करायचं. आधी दुसऱ्या कुणी फिरवलेलं जातं उष्टं मानायचे. उष्टं जातं कुणी दारात उतरू द्यायचं नाही.

धुरपाने पहिलं जातं पूर्ण केलं, डोक्यावर चुंबळ ठेवून दोन खेपांत जात्याच्या खालच्या-वरच्या दोन तळ्या बाजारात आणल्या. रिवाजाप्रमाणे तिने ते घरी फिरवलं नव्हतं. शेट्यांच्या माणसाने मूठभर ज्वारी टाकली, पाच-सात वेढे दिले, पीठ उचलून शेट्यांच्या तळहातावर ठेवलं. शेट्यांनी चिमूट जिभेवर घेतली आणि थुंकली.

"कच आहे," ते म्हणाले. "बारा वर्षं."

"शेटे, नवं जातं आहे," धुरपा म्हणाली. "चार पायल्या कोंडा भरडला की धरेल."

"मग भरडून आणायचं होतंस."

"भरडून आणलं असतं तर उष्टं म्हणून उठवलं असतंत."

शेटे हसले. आजूबाजूची माणसंही हसली. बाजारात त्या दिवशी शंभरेक बायका होत्या. नवं जातं पहिल्या दिवशी कच टाकतंच, हे त्यांतल्या प्रत्येकीला ठाऊक होतं. एकही बोलली नाही. पुरुषांच्या बोलण्यात कुणी त्यांना विचारलं नव्हतं, आणि विचारल्याशिवाय बोलायची त्यांना सवय नव्हती.

बारा वर्षं म्हणजे काय, हे धुरपाला कळत होतं. जागा नाही तर धंदा नाही. दगड फोडणाऱ्यांची टोळी दसऱ्यानंतर दूरच्या धरणावर निघायची, तिच्याबरोबर जायचं, एका हाताच्या नवऱ्याला मागे ठेवून. पुन्हा गाव दिसेल याचा भरवसा नाही.

तिने तळ्या उचलल्या. बाजाराच्या तोंडाशी, जिथे गाडीवाट येऊन मिळते, तिथे एक सपाट खडक होता. त्यावर तिने जातं मांडलं.

"इथे नाही बसायचं," शेट्यांचा माणूस धावत आला.

"बाजार तिकडे सुरू होतो. ही वाट आहे. वाटेवर बसायला परवानगी लागते का?"

"विकता येणार नाही तुला."

"विकतंय कोण? मी दळतेय."

आणि ती दळायला लागली. येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना म्हणाली, घरचा कोंडा आणा, फुकट भरडून देते. सगळ्यांसमोर तिने आपलं जातं उष्टं केलं. असं म्हणतात की त्या दिवशी तिने इतका कोंडा भरडला की त्याचा ढीग मारुतीच्या देवळाच्या कळसाएवढा झाला, आणि जात्याची घरघर ओढ्यापलीकडच्या तीन गावांना ऐकू गेली. त्या गावांतले लोक आभाळ गडगडतंय समजून वाळवणं आत घ्यायला धावले.

दुसऱ्या मंगळवारी ती पुन्हा आली. आता तिच्या जात्यातून पडणारं पीठ चिमटीत धरलं तर रेशमासारखं सरकायचं. बायका थांबायच्या, बोट लावायच्या, "छान आहे गं" म्हणायच्या आणि पुढे जायच्या. संध्याकाळपर्यंत तिने ते इतक्या वेळा ऐकलं की ती चिडली.

"छान असेल तर घेऊन जा की," ती एका बाईला म्हणाली. "घेत नाहीस म्हणजे काहीतरी खुपतंय. ते सांग. कौतुक मला नको. हैबती घरी फुकट करतो."

ती बाई लाजून पळाली. पण तिच्यामागे देवळातली भागू गुरवीण उभी होती. भागूआत्याचं वय कुणालाच ठाऊक नव्हतं. तिने कमरेवरची घागर खाली ठेवली, बसली आणि जात्याला दहा वेढे दिले.

"उष्टं आहे म्हणून कुणी घेत नाही, हे तर आहेच," ती म्हणाली. "पण नुसतं तेवढंच नाही, धुरपे. पीठ झकास पडतंय, पण खांदा मारतंय मेलं. धरायचा खुंटा फार मधे आलाय. ओढून ओढून बाई वाकायची."

"सगळ्या जात्यांचा तिथेच असतो, आत्या."

"सगळी जाती पुरुषांनी केलीत. तू का केलंस तसंच?"

धुरपाने तिथेच छिन्नी काढली आणि कडेला नवं भोक पाडलं. भागूआत्याने खुंटा ठोकून पुन्हा फिरवलं आणि घागर उचलली. जाताना ती एवढंच म्हणाली, "पुढच्या मंगळवारी सुनेला पाठवते. तिची जीभ माझ्यापेक्षा वाईट आहे."

सून आली. तिने खालच्या तळीची कड नीट नाही, पीठ सांडतं, असं सांगितलं. धुरपाने कड केली. मग बाकीच्यांनाही तोंड फुटलं. कुणी म्हणाली वरची तळी म्हातारीला झेपणार नाही. कुणी म्हणाली डाळ भरडायला तळीवरची टाकी जरा उथळ हवी. एकीने उगाच काहीतरी काढलं, तेही धुरपाने ऐकून घेतलं आणि हैबतीला सांगितलं, "ही बया नुसती भांडायला आली होती. पण दुसऱ्यांदा आली." दर मंगळवारी जातं बदलत गेलं.

चौथ्या बाजाराला भागूआत्याने सगळ्यांसमोर म्हटलं, "उष्टं उष्टं काय करता? माझं चांगलं चाळीस वर्षं उष्टं नसलेलं जातं होतं. बघा माझे दात." आणि तिने तोंड उघडलं. त्यात एकही दात नव्हता. त्या दिवशी धुरपाचं पहिलं जातं विकलं गेलं.

पाचव्या बाजाराला आबाजी शेटे स्वतः खडकापाशी आले. या वेळी आवाज गोड होता.

"धुरपे, माझ्या शेजारी जागा देतो. सावलीत. जाती तूच घडव. आमच्या नावाने विकू."

"आणि भुसभुशीत दगडाचीही तुमच्याच नावाने?"

"ते आमचं आम्ही बघू."

"मग सावलीत तुम्हीच बसा, शेटे. मला उन्हाची सवय आहे."

सहाव्या बाजाराला शेट्यांनी बैल पाठवले. कुणी बारा म्हणतं, कुणी सोळा. खडकावर मांडलेल्या धुरपाच्या नव्या जात्याला साखळदंड बांधले आणि ते ओढ्यात ढकलून द्यायचा हुकूम झाला. असं म्हणतात की बैलांनी गुडघे टेकले, जोखडं मोडली, साखळ्या तुटून बाभळीवर जाऊन लटकल्या, पण जातं तसूभर हललं नाही. तिथल्या खडकावर बैलांच्या खुरांच्या खुणा आजही दाखवतात. बैल दमून उभे राहिले तेव्हा धुरपाने करंगळीने खुंटा धरला आणि वरची तळी गरकन फिरवली. गाडीवान खाली उतरले. त्यांतल्या एकाने विचारलं, "बायकोसाठी हवंय. केवढ्याला?"

सातव्या बाजाराला धुरपा उठून शेट्यांच्या बैठकीसमोर गेली. तिच्यामागे चौदा गावच्या बायका होत्या, आणि प्रत्येकीच्या हातात फडक्यात बांधलेली भाकरी होती.

"शेटे, तुम्ही माझ्या पिठाची परीक्षा घेतलीत," ती म्हणाली. "माझी हरकत नाही. आता तुमच्या पिठाची घ्या. या भाकऱ्या तुमच्या जात्यांवरच्या आहेत. दहा वर्षं जुन्या, वीस वर्षं जुन्या जात्यांवरच्या. कुठलीही उचला."

शेटे उठायला लागले. पण वाट बायकांनी भरली होती, आणि एकीही सरकली नाही. शेट्यांनी एक भाकरी उचलली, तुकडा मोडला आणि चावला. असं म्हणतात की कटकन असा आवाज झाला की झाडावरचे कावळे उडाले. शेट्यांनी तळहातावर काढून बघितलं. त्यांचा पुढचा दात होता.

कुणी हसलं नाही. भागूआत्या पुढे झाली आणि शांतपणे म्हणाली, "आमचे असे घरातल्या घरात पडले, शेटे. कुणी बघायला आलं नाही."

आबाजी शेट्यांनी तो दात उपरण्याच्या टोकाला बांधला. मग त्यांनी विचारलं, "काय हवंय तुला? बाजारात जागा?"

"माझी जागा मला मिळाली आहे," धुरपा म्हणाली. "त्या खडकावर. पण मी तिथे कायम बसणार नाही. पुढच्या मंगळवारपासून मी आत, रांगेत बसेन. खडक रिकामा राहील. जो कुणी पहिल्यांदा काही करून आणेल, तो तिथे बसेल. सात बाजार त्याला कुणी उठवायचं नाही. सात बाजार त्याच्या मालाचा निकाल लावायचा नाही. पण दोष सांगायचे. तोंडावर सांगायचे, आणि तोच धंदा करणाऱ्याने आधी सांगायचे."

"तोच धंदा करणारा कशाला सांगेल?"

"मी सांगेन. उद्या दुसरी कुणी जाती घेऊन आली, तर खुंटा कुठे ठोकायचा ते पहिल्यांदा मी सांगेन. मग तुम्हाला काय अडचण आहे?"

शेट्यांनी होकार दिला, आणि धुरपानेही आपला शब्द पाळला. पुढे तिच्याच वस्तीतल्या चार बायका जाती घेऊन त्या खडकावर बसल्या आणि प्रत्येकीच्या जात्याला पहिला हात धुरपाने लावला, पहिला दोष तिने काढला. त्यांतल्या एकीची जाती पुढे धुरपाच्या जात्यांपेक्षा जास्त खपायला लागली, तेव्हा हैबती म्हणाला, "शिकवलंस जरा जास्तच." धुरपा म्हणाली, "हो. आता मी तिच्याकडे बघून शिकते."

ती कशी गेली हे कुणी पाहिलं नाही. शेवटच्या मंगळवारी ती छिन्नी घेऊन खाणीकडे गेली आणि परतली नाही, असं म्हणतात. श्रावणात खाणीच्या बाजूने टक् टक् ऐकू येतं. जाणते म्हणतात पाणी ठिबकतं. बायका म्हणतात, पाणी असं मोजून ठिबकत नाही.

आता खडकओढ्यात जाती कुणी विकत घेत नाही. पण खडक आहे आणि दर मंगळवारी त्यावर कुणी ना कुणी बसलेलं असतं. कुणी घरी केलेला साबण आणतं, कुणी अळंबी, कुणी मोबाइल दुरुस्तीचं टेबल मांडतं. जाणारा-येणारा थांबतो आणि एकच प्रश्न विचारतो, "कितवा बाजार?" तिसरा, पाचवा, असं उत्तर मिळालं की तो वस्तू हातात घेतो, एक दोष सांगतो आणि मगच पुढे जातो. नुसतं छान म्हणून निघणाऱ्याला बायका हाक मारून परत बोलावतात.

परवा बाजाराच्या वसुलीचा नवा ठेकेदार आला. खडकावर एक मुलगी चिंचेच्या गोळ्या घेऊन बसली होती. ठेकेदाराने तिला उठायला सांगितलं. ही जागा मोक्याची आहे, आता हिचा लिलाव होईल, असं तो म्हणाला. भाजीवाल्या कोंडाबाईने वांग्यांवर पाणी मारता मारता मान वर केली.

"दादा, तुमचा हा कितवा बाजार?"

"पहिला," तो म्हणाला.

"मग बसा त्या पोरीशेजारी," कोंडाबाई म्हणाली. "तुमचे दोष आम्ही सांगतो."