चिंधी बांधलेला दोडका

आपल्या आजोबांचे आजोबाही जन्मले नव्हते, तेव्हाची ही गोष्ट. डोंगराच्या उताराला एक गाव होतं. त्या गावावर लागोपाठ तीन वर्षं दुष्काळ पडला. पहिल्या वर्षी लोकांनी कणगीतलं धान्य खाल्लं. दुसऱ्या वर्षी झाडपाला खाल्ला. तिसऱ्या वर्षी राखेत घोळवून ठेवलेलं बियाणं होतं, तेही शिजवून खाल्लं.

पुढं पाऊस आला. राजाच्या कोठारातून धान्य आलं, शेतं पुन्हा उभी राहिली. मुलं मात्र दुष्काळातच राहिली. कैरी सुपारीएवढी झाली की ती झाडावरून ओरबाडायची. बोरं हिरवीच चावून थुंकायची. आज हाताला लागलं नाही तर ते उद्या दुसऱ्याच्या पोटात जाईल, एवढंच त्यांना जगानं शिकवलं होतं.

अशा दिवसांत गावची एक लेक दूरच्या नगरात झाडावेलींची विद्या शिकून परत आली. मुलं तिला ताई म्हणू लागली. तिच्या पदराच्या गाठीला दोडक्याचं मूठभर बी होतं. या बियांवर मी इथली मुलं पुन्हा माणसांत आणीन, असं ती ज्याला त्याला सांगायची.

पारावरची माणसं हसायची. एक म्हातारा तर म्हणाला, “पेरतेस कशाला, बाई? सरळ पोरांच्या तोंडात टाक. तेवढाच हेलपाटा वाचेल.”

ताईनं ऐकून घेतलं आणि गावाबाहेरची पडीक जागा साफ केली. सात मुलं मदतीला आली. प्रत्येकानं एक आळं केलं, त्यात शेणखत घातलं आणि बी टोकलं. ओढा अर्धा कोस खाली होता. मुलं डोक्यावर मडकी घेऊन रांगेनं पाणी आणायची. निम्मं अंगावर सांडायचं, निम्मं आळ्यात पडायचं.

दुसऱ्याच दिवशी त्या सातांतल्या भिवाचं आळं उकरलेलं दिसलं. बी त्यानंच खाल्लं होतं. ताई रागावली नाही. तिनं दुसरं बी त्याच्या तळहातावर ठेवलं आणि ती शेजारी बसून राहिली. या खेपेला भिवानं ते पेरलं.

वेल मांडवावर चढले. पिवळी फुलं आली आणि त्यांच्या मागं बोटाएवढे दोडके लोंबू लागले. तेव्हा ताईनं मुलांना गावाची जुनी रीत सांगितली. दुष्काळात गाव ती विसरून गेलं होतं. प्रत्येक वेलावरचा सगळ्यांत देखणा दोडका निवडायचा आणि त्याच्या देठाला आपल्या कपड्याची चिंधी बांधायची. तो खायचा नाही. तो वेलावरच वाळू द्यायचा. वाळला की कानाशी धरून हलवायचा; आत बी खुळखुळलं तरच खुडायचा.

“मग तो बोलतो?” साळूनं विचारलं. साळू सगळ्यांत धाकटी होती. तिचे पुढचे दोन दात पडले होते.

“बोलतो,” ताई म्हणाली. “आणि तो बोलेपर्यंत त्याला कुणी हात लावणार नाही. तुम्ही नाही आणि मीही नाही. हा माझा शब्द.”

मुलांनी परकरांच्या, सदऱ्यांच्या चिंध्या फाडल्या. घरोघरी त्यापायी धपाटे मिळाले. पण सात वेलांवर सात चिंध्या लागल्या. बाकीचे दोडके मुलांनी खाल्ले, कोवळे तर कच्चेच. चिंधीवाल्यांना मात्र कुणी बोट लावलं नाही. सकाळी आल्याबरोबर साळू आपल्या दोडक्याखाली उभी राहायची आणि वर मान करून विचारायची, “बोललास का रे?” भिवा तिला चिडवायचा. मग कुणी बघत नाहीसं पाहून आपल्या दोडक्यालाही हळूच तेच विचारायचा.

ताईला वाटलं, आपण जिंकलो.

एके दिवशी पाटील मळ्यात आला. राजाचा सुभेदार दुसऱ्या दिवशी गावात येणार होता. त्याच्या मनात आलं तर गावाला विहीर मिळणार होती. पाटलानं मांडवाखालून एक फेरी मारली. खायचे दोडके संपले होते. उरले होते फक्त चिंधीवाले, हिरवेगार, हातभर लांब.

“हे सात ताटात मांडायचे,” पाटील म्हणाला. “पोरांनी पिकवलेत म्हटल्यावर सुभेदार खूश होतील.”

ताईनं साफ नकार दिला. ते बियाण्याचे आहेत, असं तिनं समजावून सांगितलं. पाटील चिडला नाही. तो बांधावर बसला आणि ओढ्याकडून वर येणारी मुलांची रांग बघू लागला.

“एवढी शिकलीस, पोरी, आता तूच हिशेब कर. एका पारड्यात सात दोडके, एका पारड्यात विहीर. या लेकरांच्या माना मोडताहेत, त्या दिसतात का तुला?”

रात्रभर ताईनं तोच विचार केला. बी काय, आणखी कुठून तरी आणता येईल. विहीर पुन्हा मिळायची नाही. मुलांसाठीच तर करायचं. समजावलं की त्यांनाही कळेल.

दुसऱ्या दिवशी मुलं ओढ्यावर गेली असताना तिनं स्वतःच्या हातानं सातही दोडके खुडले. देठाच्या चिंध्या सोडून तिनं बांधावर ठेवल्या.

मुलं परत आली. मडकी डोक्यावर तशीच राहिली.

“ताई,” साळूनं विचारलं, “तो बोलला होता का?”

“आपल्याला विहीर मिळणार आहे, साळू. मग एवढ्या लांबून पाणी—”

“बोलला होता का?”

ताईनं मान खाली घातली. साळूनं टोपलीतून आपला दोडका शोधून काढला, कानाशी धरला आणि हलवला. तो गप्प होता. तिनं तो परत टोपलीत ठेवला, अगदी जपून.

सुभेदार आला. त्यानं ताट पाहिलं, छान म्हणाला आणि पुढं गेला. दोडके जून निघाले म्हणून आचाऱ्यानं ते घोड्यांपुढं टाकले. जाताना सुभेदारानं विहिरीचा हुकूम मात्र दिला. हुकमाचं आधीच ठरलेलं होतं, असं त्याचा कारकून पाटलाला बोलता बोलता सांगून गेला.

विहीर झाली. तिला पाणीही भरपूर लागलं. ताई आठ दिवसांची वाट चालून गेली आणि नवं बी घेऊन आली. मुलं बोलावल्यावर आली. सांगितलेलं सगळं त्यांनी केलं. पाणी हाताशी होतं, वेल पहिल्यापेक्षा जोरात वाढले.

पण दोडके बोटाएवढे झाले की नाहीसे होऊ लागले. पुढं पुढं फुलंही राहीनात. चिंध्या बांधा, असं ताई रोज सांगायची. मुलं हो म्हणायची. शेवटी उरलेल्या एकुलत्या एका दोडक्याला तिनं स्वतःच्या पदराची चिंधी बांधली. सकाळी ती चिंधी मातीत पडलेली दिसली.

“कुणी खाल्ला?” तिनं विचारलं.

“मी,” साळू म्हणाली. तिचे पडलेले दात आता आले होते. “आज ना उद्या कुणीतरी नेलाच असता, ताई.”

तिच्या आवाजात राग नव्हता. शिकलेला धडा ती म्हणून दाखवत होती, आणि तो तिला न चुकता येत होता.

त्यानंतर ताईनं आणखी तीन वर्षं बी आणलं. तीनही वर्षं एकही दोडका वेलावर वाळला नाही. चौथ्या वर्षी मांडव कोसळला. तो पुन्हा उभा करायला कुणी आलं नाही. मळ्यात गवत माजलं. विहीर काठोकाठ भरलेली असे आणि गाव तिच्या पाण्यानं म्हशी धुवत असे. त्या सात चिंध्या ताईनं शेवटपर्यंत पदराच्या गाठीला बांधून ठेवल्या होत्या. जिथं एकदा बी होतं, तिथंच.

लेकरांना दिलेला शब्द त्यांच्याच भल्यासाठी मोडला तरी तो मोडतोच, आणि मग त्या जमिनीत विश्वास पुन्हा रुजत नाही.