पहिला मान नानांचा

चिंचतळीच्या दौलतनानांना दोन गोष्टींचा भारी अभिमान होता. एक म्हणजे गावातला मान आणि दुसरे पंच्याहत्तरीतले बत्तीस दात.

डॉ. सुलक्षणा घोलप यांनी शाळेत बायकांसाठी दंततपासणीचं शिबिर ठेवलं, तेव्हा नाना वर्गातच खुर्ची टाकून बसले.

"आमच्या लेकीसुना परक्यापुढं तोंड उघडणार. मग कुणी वडीलधारं समोर नको?"

रांगेत चाळीस बायका होत्या. मिश्री लावून लावून कुणाच्या हिरड्या सडल्या होत्या, कुणाच्या गालात आतून जखम होती. पण समोर नाना, म्हणून चाळीस पदर तोंडावर. तासाभरात एकही तोंड उघडलं नाही.

"बघा," नाना म्हणाले, "कुणाला काही त्रासच नाही."

डॉक्टरीणबाई त्यांचं बोलणं नीट ऐकत होत्या. नानांचं वाक्य संपलं, की त्यांचे दात किंचित उशिरा थांबत होते.

"खरं आहे नाना. पण पहिला मान तुमचा. या, बसा इथं. दात कसे राखावेत ते सगळ्यांना बघू दे. मी एकेक हलवून दाखवते."

नानांना एकदम म्हशीला पाणी पाजायचं आठवलं.

दार लागलं आणि चाळीस तोंडं उघडली.

शेवटची बाई गेल्यावर नाना हळूच आत आले.

"बाई, कवळी बोचतीय. कुणी बघणार नाही ना?"

"काळजी सोडा. तपासताना आत तिसरं कुणी बसायचं नाही, हा नियम मी बायकांसाठी केलाय. तुम्हालाही लागू करते."